गंधाचं वजन

अंबुबाईंनी अनामिका गंधाच्या वाटीत बुडवली, वाटीच्या काठाला निपटली, आणि काचेच्या बैठकीवर आडव्या पडलेल्या त्या बोटभर पांढऱ्या नळीच्या टोकाला, जिथे पोलादाची बारीक गोळी बसवली होती तिथे, नेमका एक ठिपका ठेवला.

"एवढं मोठं तुझं काम," त्या नळीला म्हणाल्या, "आणि कपाळ उघडं ठेवतात मेले."

मग वाटी कमरेला खोचून, हात पदराखाली घेऊन, जणू भिंतीवरचं घड्याळ बघायलाच आल्यासारख्या उभ्या राहिल्या.

आयुधपूजेचा दिवस होता. बाहेर, सून काम करी त्या संशोधन संस्थेच्या कर्मशाळेत लेथ यंत्रांना झेंडूच्या माळा पडल्या होत्या, मोटारींच्या चाकांखाली लिंबं ठेवली होती, फाटकापाशी कुंकू भरलेला कोहळा आपटायला दोन माणसं बाह्या सारून तयार होती. सगळ्या खोल्यांना केळीचे खुंट बांधलेले. ही एकच खोली कोरडी. दारावर इंग्रजीतला कागद डकवलेला होता. अंबुबाईंची शाळा दुसरीत सुटली होती आणि तीही मराठी-कानडीची, त्यामुळे सुनेला तो वाचून दाखवावा लागला. या खोलीत फुलं, कुंकू, कापूर, उदबत्ती आणू नये. खाली विश्वेश्वर सरांची सही.

"का गं? तुझ्या सरांना देव चावला का?"

"तसं नाही, आत्याबाई. इथला तराजू फार नाजूक आहे. सरांच्या खोलीत पूजा नसते."

सून नीरजा बेळगावची, एम.एस्सी. झालेली. साडेदहाला तिनं नळी चिमट्यानं उचलून तोलली, आकडा वहीत लिहिला, नळी बैठकीवर ठेवली आणि तेवढ्यात शिपाई गुंडू आरतीला बोलवायला आला. "आत्याबाई, कशालाही हात लावू नका हं, एका मिनिटात आले," असं म्हणून ती बाहेर गेली. आता हात लावू नका असं अंबुबाईंना सांगणारं माणूस त्यांच्या गवीपुरमच्या चार गल्ल्यांत जन्मलं नव्हतं. शिवाय त्यांच्या मते त्यांनी हात लावलाच नव्हता. बोट लावलं होतं. कुंकू त्यांनी नवऱ्यामागं कधी हाती घेतलं नाही, पण गंधाला कुणाची ना नव्हती. सकाळी गवीपुरमच्या महादेवासाठी उगाळलं त्यातलंच वाटीभर बरोबर आणलं होतं. थोडं मुलाच्या, उमाजीच्या, विमानांच्या कारखान्यातल्या लेथला लावून झालं होतं. पांढऱ्या नळीवर, चकचकीत गोळीवर, वाळलेलं गंध कुणाला दिसणार होतं?

नीरजा आली, चिमट्यानं नळी मधोमध धरून तिनं काचेच्या घरात सरकवली आणि ते घर कोमट पाण्याच्या हौदात सोडलं. तिला काही दिसलं नाही. अंबुबाई प्रसादाचे चुरमुरे खात घरी आल्या.

नळीचं काम काय ते नीरजानं त्यांना पूर्वीच समजावलं होतं, डबीतल्या कापराच्या दाखल्यानं. कापूर जसा बंद डबीतसुद्धा झिजतो, तसा दोन्ही टोकांना गोळ्या ठोकून या नळीत कोंडलेला गंधकाचा वायू तिच्या भिंतीतून रोज थोडा थोडा बाहेर पडतो. पाण्याची ऊब एकसारखी ठेवली की रोज तेवढाच, ना कमी ना जास्त. मुंबईच्या कारखान्यांनी हवा किती नासवली ते मोजायची यंत्रं निघाली होती. ती यंत्रं खरं बोलतात की थापा मारतात हे तपासायला आधी त्यांना मोजून धूर पाजावा लागे. ते मोजायचं माप म्हणजे ही नळी. पण मापाचंही आधी माप घ्यायला हवं. म्हणून नीरजा अडतीस दिवस, रविवार धरून, रोज साडेदहाला नळी तोलत होती. रोज चाळीस घटली पाहिजे. चाळीस कसले ते अंबुबाईंनी विचारलं नव्हतं. सोन्याच्या गुंजेचे हजारो तुकडे केले तर त्यातल्या काही तुकड्यांएवढे, असं नीरजा म्हणाली होती, आणि तेवढं त्यांना पुरलं.

गल्लीत मात्र त्यांनी सांगून ठेवलं होतं, "आमची सून हवा तोलते."

शेजारची पद्मावती म्हणाली होती, "अय्यो अक्का, हवेला कुठलं वजन?"

"असतं स्वल्प. तुझ्या जिभेइतकं नसेल."

दसऱ्याची सुट्टी गेली. त्यानंतरच्या दिवशी नीरजा कामावरून आली ती ताटावर नुसती बसली. पाचवा महिना होता तिला. समोर हुळीसारूची आंबट आमटी आणि भात, वर तुपाची धार, आणि ही बोटांनी भाताच्या ओळी करत बसलेली.

"ताटात शेती करू नकोस. जेव."

"नळी जड झाली, आत्याबाई."

"जड झाली म्हणजे?"

"दोन दिवसांनी ऐंशी घटायला हवी होती. ती पस्तीसनं वाढली. वायू बाहेर पडतोय आणि नळी वाढतेय, असं कसं होईल? असं होतच नाही."

अंबुबाईंनी तिच्या ताटात लोणच्याची फोड ठेवली, आणि मागोमाग आणखी एक.

पुढच्या चार दिवसांत गोष्ट अशी उलगडली की नळी पुन्हा शहाण्यासारखी रोज चाळीस घटत होती. मधेच फक्त ती एक उडी. जिन्यात एकच पायरी चुकीची बांधावी तशी. एकशे पंधराची उडी. उडीचं कारण सापडलं तर आधीचे आणि नंतरचे सगळे दिवस जमेस धरता येतील. नाही सापडलं तर या नळीवर जगातलं कुणी विश्वास ठेवणार नाही. पंधरवड्यात अहवाल मुंबईला जायचा होता आणि त्यानंतर महिन्याभरात नीरजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी.

"मग तुझे सर काय म्हणतात?"

"तेच तर नवल आहे." नीरजानं डोळे पुसले नाहीत, पण पदर हातात घेतला. "खोलीत माशी शिरली तरी कुठून शिरली ते शोधायला लावणारे सर. आणि यावेळी म्हणाले, जाऊ दे, नळीच वाईट असेल. टाकून दे. तू गेल्यावर दुसरं कुणीतरी नव्या नळीवर करील. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते बोलताना. इतकी नावडती झाले मी त्यांना."

उमाजी म्हणाला, "एवढ्यानं काय होतं, पुन्हा करशील की."

"तू गप," अंबुबाई म्हणाल्या. "तुझा लेथ रोज तेवढाच वळतो, तुला काय कळणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या चिक्कपेटेत देवाप्पा सोनाराच्या दुकानी जाऊन बसल्या. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी आपली चूक अशी कधी मान्य केलेली नव्हती; चुका बाकीच्या लोकांच्या असत. सासूची होती, दिराची होती, एकदा तर कॉर्पोरेशनची होती. त्यामुळे आधी चूक झाली आहे का तेच पक्कं करून घ्यायचं त्यांनी ठरवलं.

"देवाप्पा, एक मासा सोनं तोल."

देवाप्पानं तोललं. त्याचा तराजू काचेच्या पेटीतला, फुंकर मारली तर नाचणारा.

"आता थांब." त्यांनी कमरेची वाटी काढली आणि सोन्याच्या मण्यावर गंधाचा ठिपका ठेवला. "आता तोल."

काटा जागचा हलला नाही. देवाप्पानं डोकं खाजवलं. "अक्का, गंधाला कुठलं आलं वजन?"

"तेच मी म्हणते," अंबुबाई म्हणाल्या आणि इतक्या ताठ मानेनं बाहेर पडल्या की टांग्याचं घोडं बाजूला झालं.

संध्याकाळी शेंगा सोलता सोलता त्यांनी विषय काढला. सहज काढला, निदान त्यांना तसं वाटलं.

"नीरजा, गंधाला काही वजन नसतं ना?"

"असतं की. कशालाही असतं."

"देवाप्पाच्या तराजूवर भरत नाही."

"देवाप्पाचा तराजू सोन्यासाठी आहे. आमच्या तराजूवर कागदाच्या कपट्यावर पेन्सिलीनं नाव लिहिलं तर त्या नावाचं वजन कळतं." नळी जड झाल्यापासून पहिल्यांदा नीरजा हसली. "मी एकदा गंमत म्हणून तोललंय. माझं नाव लिहिलं, मग तुमचं लिहिलं. तुमचंच जड भरलं."

"भरणारच," अंबुबाई सवयीनं म्हणाल्या.

आणि त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

काही वेळानं त्यांनी सोललेले दाणे सुपात सारखे केले, टरफलं गोळा केली, उठल्या. "उद्या मी येणार तुझ्याबरोबर."

"कुठे?"

"तुझ्या सरांशी बोलायचंय."

नीरजाचा चेहरा उतरला. "आत्याबाई, नको. त्यांच्याशी भांडून काही होणार नाही. मी पाया पडते."

"पडू नकोस, पोटावर ताण येतो. आणि भांडणार कोण? मी कधी भांडते का?"



गुट्टहळ्ळीहून बसनं मॅजेस्टिकचा थांबा, तिथून दुसरी बस. सबंध वाटेत नीरजा खिडकीबाहेर बघत होती आणि अंबुबाई मांडीवर फडक्यात बांधलेली सहाण आणि चंदनाचं खोड घट्ट धरून होत्या. सुनेला आधी सांगावं असं त्यांच्या मनात दोनदा आलं. पण झुकायचंच तर एकदाच, आणि तेही सगळ्यांत मोठ्या माणसासमोर. दोन ठिकाणी कोण झुकत बसणार?

विश्वेश्वर सर किडकिडीत, पन्नाशीचे, पांढऱ्या कोटाला सगळी बटणं लावलेले. अंबुबाईंना बघून ते खुर्चीवरून उठले. त्या म्हैसुरी वळणाच्या माणसाशी अंबुबाई त्याच्याच कानडीत बोलल्या. तीन शतकं या मातीत काढलेल्या घराची कानडी होती ती, कुणापेक्षा कमी नव्हती.

"स्वामी, आयुधपूजेला तुमच्या नळीला गंध मी लावलं. चुकलं माझं."

पुढचं वाक्य त्यांनी बसमध्ये तयार केलं होतं, त्यात खोलीच्या कोरडेपणावर दोन टोमणेही होते. पण सरांचा चेहरा बघून त्या थांबल्या. माणूस रागावेल, ओरडेल, दाराकडे बोट दाखवेल, असं त्यांनी धरलं होतं. सर हळूच खाली बसले.

"तुम्ही?" ते म्हणाले. "तुम्ही लावलंत?"

"आत्याबाई!" नीरजा ओरडलीच. "मला सांगायचं तरी होतंत!"

"आता सांगितलं की. त्यांच्यासमोर सांगितलं म्हणजे तुलाही ऐकू आलं."

"कुठे लावलंत, अम्मा?" सरांनी विचारलं.

"कपाळाला."

"नळीला कपाळ कुठलं?"

"खिडकीकडे तोंड होतं तिचं. त्या टोकाच्या गोळीला. वायू बाहेर पडतो त्या अंगाला मी बोटही लावलं नाही, तेवढं कळतं मला."

नीरजा एव्हाना हौदापाशी पोचली होती. इतके दिवस ती चालायची ते पाय ओढत. आता तिला तो पाचवा महिना आठवतच नव्हता. "सर, मग सोपं आहे! नळी पुसते आणि तोलते. एकशे पंधरा उतरली की झालं!"

"नाही," सर एकदम म्हणाले. "नळीला हात लावायचा नाही." मग आवाज खाली आणून, "आधी ठिपक्याचं वजन काढू. रिकाम्या गोळ्यांवर. घाईघाईनं पुसलं आणि चुकलं तर पुन्हा काही हातात राहणार नाही."

ते बरोबरही होतं. नीरजानं दहा सुट्या पोलादी गोळ्या मांडल्या आणि तोलून घेतल्या. अंबुबाईंनी सहाण काढली, गुंडूकडून पाणी मागितलं, ते पितळेच्या भांड्यातच पाहिजे म्हणून त्याला एकदा परत पाठवलं, आणि ज्या खोलीत फुलालाही बंदी होती तिथे बसून चंदन उगाळलं. खोलीभर वास पसरला. कागदावर सही करणारे सर खिडकीशी पाठ करून उभे होते.

एकामागून एक दहा ठिपके. बोट बुडवायचं, काठाला निपटायचं, ठेवायचं. मग ते कोमट हवेत तासभर वाळवायचे होते. गुंडूनं कॉफी आणली. अंबुबाईंनी एक घोट घेतला.

"गुंडण्णा, ही कॉफी तुमच्या तराजूवर ठेवली तर काटा हलायचा नाही. हिच्यात काही नाहीच."

गुंडू मिशीत हसला. सर हसले नाहीत. ते दोन बोटांनी कपाळ चोळत खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला जात होते, आणि दर खेपेला हौदाकडे बघत होते.

तासानं नीरजा तराजूशी बसली. अठ्ठावन्न. सत्तावन्न. एकोणसाठ. अठ्ठावन्न. आकडा लिहिला की ती मान वर करून सासूकडे बघे आणि पुन्हा खाली घाली. दहावा आकडा अठ्ठावन्नच आला तेव्हा सर येऊन वहीवर वाकले.

"आमच्या काचेच्या नळ्यांतून थेंब सोडले तर ते इतके सारखे पडत नाहीत," ते म्हणाले.

"तुमच्या काचेनं चाळीस वर्षं रोज पंचवीस देव पुजलेत का?"

पण नीरजा पेन्सिल चावत होती. हर्ष तिच्या चेहऱ्यावरून उतरत चालला होता.

"सर, एका ठिपक्याचे अठ्ठावन्न. उडी एकशे पंधराची आहे. निम्मी उरतेच."



"निम्म्या कारणाला कारण म्हणता येत नाही," सर म्हणाले. ते स्वतःशीच बोलल्यासारखं होतं. मग त्यांनी चष्मा काढला. "नीरजा, एक गोष्ट मला तुला..."

"थांबा स्वामी," अंबुबाई म्हणाल्या. "म्हातारीचं बोलणं अजून संपलं नाही. ती नळी जरा दाखवा मला."

नीरजानं चिमट्यानं नळी काढली आणि भिंगाखाली बैठकीवर ठेवली. पितळी दांड्याचं मोठं भिंग होतं. "हे बघा आत्याबाई, आहे तुमचं," ती खिडकीकडच्या टोकावर वाकून म्हणाली. पोलादाच्या गोळीवर पिवळसर, गोल, रेखीव ठिपका. आठ दिवस तो तिथेच होता आणि कुणी बघितला नव्हता, कारण असेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. नीरजा आकडे पुन्हा बेरजेला घालायला वहीकडे वळली.

अंबुबाई टेबलाला वळसा घालून पलीकडे गेल्या. भिंगाचा दांडा त्यांनी आपल्याकडे ओढला आणि दुसऱ्या टोकाच्या गोळीवर डोळा लावला.

तिथेही गंध होतं. पण ठिपका नव्हता. बारीक, सरळ, आडवी रेघ होती. एका दमात ओढलेली, कुठे न थरथरता. रोज सकाळी आरशापुढे उभं राहून ओढणाऱ्या हाताची.

त्यांनी मान वर केली. विश्वेश्वर सर समोरच उभे होते, चष्मा हातात, कपाळ उघडं. कपाळावर काहीही नव्हतं. फक्त भुवयांच्या वर, मधोमध, कातडीचा एक आडवा पट्टा बाकीच्यापेक्षा उजळ होता; बोटभर रुंद, रोज काहीतरी लावून, घरून निघताना पुसून पुसून झालेला.

खोलीची किल्ली त्यांच्याच कोटाच्या खिशात असे.

सरांनी नजर वळवली नाही. ते वाट बघत होते. एवढा मोठा शिकलेला माणूस, पण त्या क्षणी पाटी विसरून आलेल्या पोरासारखा दिसला.

"अगं," अंबुबाई भिंगावरून उठत म्हणाल्या, "इकडेही लावलं होतं मी. विसरलेच."

नीरजानं मान वळवली. "तुम्ही? आणि विसरलात?"

"का? मी माणूस नाही? पुढून लावलं, मग वाटलं मागचं टोक कशाला उपाशी ठेवा. दोन्हीकडे लावलं."

"बघू," म्हणून नीरजा उठू लागली.

"तू बस. सारखी ऊठबस बरी नाही या दिवसांत. पुसायचं ते काय असतं ते दे इकडे. मी लावलं, मी पुसते."

स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस हाती आला तेव्हा त्यांनी आधी मागचं टोक पुसलं. दोनदा पुसलं. मग पुढचं. नळीला त्यांनी चिमट्यानंच धरलं होतं, अगदी नीरजा धरते तसं, मधोमध. सर बघत राहिले आणि त्यांनी एका शब्दानंही अडवलं नाही.

नीरजानं नळी वाळू दिली, तराजूत ठेवली, पेटीची काच लावली. तिघंही श्वास धरून उभे. गुंडू दारात. काटा डुलला, सावकाश झाला, थांबला. तिनं आकडा लिहिला, आधीच्यातून वजा केला, आणि आलेख काढलेल्या मोठ्या कागदावर एक टिंब दिलं. मग पट्टी ठेवली. पट्टी अडतीस दिवसांच्या टिंबांवर ठेवली होती, आणि नवं टिंब तिच्या काठाला लागून बसलं होतं, रांगेतल्या बाईसारखं.

"एकशे पंधरा," ती म्हणाली. तिला आणखी काही म्हणायचं होतं, पण हसू आणि रडू एकदमच आल्यामुळे ते राहून गेलं.

"बैस आणि पाणी पी," अंबुबाई म्हणाल्या. "आणि आज घरी आलीस की ताटातलं सगळं संपलं पाहिजे. ते मी तोलणार आहे."

सरांनी वही ओढून घेतली. उडीच्या दिवसापुढे त्यांनी इंग्रजीत लिहायला घेतलं आणि नीरजा ते सासूसाठी मराठीत सांगत गेली. कारण सापडलं. दोन्ही गोळ्यांवर चंदनाचं गंध. पुसल्यावर वजन पूर्ववत. सर्व दिवस ग्राह्य. मग पेन थांबलं.

"गंध कुणी लावलं तेही लिहावं लागतं," सर कुणाकडेही न बघता म्हणाले.

"मग लिहा की. अंबुबाई माने, गवीपुरम. नावाचं वजन तुमच्या तराजूला माहीत आहे म्हणे."

त्यांनी लिहिलं. खाली सही केली.

नीरजाला अहवाल पुरा करायचा होता, म्हणून ती खोलीतच थांबली. अंबुबाई सहाण फडक्यात बांधून निघाल्या तेव्हा सर स्वतः त्यांना सोडायला फाटकापर्यंत आले. गुलमोहरांखालचा रस्ता ओला होता. सकाळी पावसाची एक सर येऊन गेली होती.

"पुढच्या वर्षी आयुधपूजेला त्या खोलीला दोन कुलपं लावीन म्हणतो," चालता चालता ते म्हणाले.

"सरी, बरंय. दुसऱ्याची किल्ली कुणाजवळ ठेवणार?"

सर हसले. अंबुबाईंनी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघितलं. मग फाटकाशी ते उभे राहिले आणि चष्म्याची काच कोटाच्या टोकानं पुसू लागले. ती स्वच्छच होती.

"अम्मा, या नळीच्या आधी तीन फुटल्या," ते म्हणाले. "दोन तिला ठाऊक आहेत. तिसरी ती इथे यायच्या आधीची, माझ्या हातात फुटली. सहा महिन्यांचं काम होतं. ही चौथी. ही तरी नीट जावी, इतकंच..."

बस येत होती. अंबुबाईंनी फडकं काखेत मारलं, निऱ्या सावरल्या आणि पायरीवर पाय ठेवता ठेवता मागे वळल्या.

"मग स्वामी, दोन्हीकडे लावलं ते बरंच केलं मी."